गेम नंतर, अपलोड आधी

पत्राचा सारांश: लिहिणारी चोवीस वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर एका सीएंच्या ऑफिसात लागली. वर्षभरापासून रात्रीची जेवणं आटपली की यूट्यूब बघून गोडो हे गेम बनवायचं इंजिन शिकते आहे. ऑनलाइन गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमात, तिने दोनदा नाव नोंदवलं. पहिल्या वेळी थीम जाहीर झाल्यावर काही सुचेना, म्हणून लॅपटॉप मिटला. दुसऱ्या वेळी गेम तयार झाला, घरच्या लॅपटॉपवर चालतही होता. पण शेवटच्या पाऊण तासात इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर चढवला, तर ब्राउझर 'शेअर्ड ॲरे बफर' नसल्याची एरर दाखवत राहिला आणि मुदत संपली. आता तीन आठवड्यांनी 48 तासांचा आणखी एक जॅम आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ओळख झालेल्या तिघांना प्रोग्रामर हवी आहे. त्यांच्या डोक्यात तीन गावं, दुकानं आणि भरपूर संवाद असलेला रोल प्लेइंग गेम आहे. त्याच शनिवारी मामेबहिणीचा साखरपुडा आहे. चित्रं काढता येत नाहीत, इंग्रजी बेताचं आहे, आणि भाऊ विचारतो की दोन रात्री जागून मिळतं काय? तिचा प्रश्न असा: 'टीममध्ये जाऊ, एकटीने करू, की अजून वर्षभर शिकून नीट तयार झाल्यावरच उतरू?'

उत्तर:

तू दोन्ही वेळचं सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस, कारण शेवटी काढलेला निष्कर्ष तुझ्याच हकिगतीशी जुळत नाही. तू म्हणतेस, तयारी कमी पडली. पहिल्या वेळचं आपण नंतर बघू. दुसऱ्या वेळी तर गेम तयार होता! खेळता येत होता. तो लोकांपर्यंत पोचला नाही, कारण आयुष्यात पहिल्यांदा तू गेम वेबवर चढवत होतीस, आणि तेही मुदत संपायला पाऊण तास असताना. आणखी वर्षभर ट्युटोरियल बघून यात फरक पडणार नाही, कारण बहुतेक ट्युटोरियलं तिथवर जातच नाहीत. पात्र उडी मारायला लागलं की व्हिडिओ संपतो.

31 जुलैच्या रात्री रिटर्न भरायला बसणाऱ्या क्लायंटचं काय होतं, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असशील. हिशेब चोख असतो, कागद असतात, आणि पोर्टल फिरत राहतं. त्या माणसाला तू 'अकाउंटन्सी शिकून या' म्हणशील का?

हा प्रकार नवा असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. गेम जॅममध्ये ठरलेल्या मुदतीत, बहुधा सुरुवातीच्या क्षणी जाहीर होणाऱ्या थीमवर, गेम करून द्यायचा असतो. लुडम डेअर हा यातला जुना जॅम, 2002 पासूनचा. त्याच्या 'कॉम्पो' प्रकाराचा नियम कडक: 48 तास, एकट्याने, आणि कोड-चित्रं-आवाज सगळं त्याच वेळात केलेलं. 'जॅम' प्रकारात 72 तास आणि टीमला मुभा. ग्लोबल गेम जॅम 2009 पासून जानेवारीअखेरीस जगभरच्या केंद्रांवर भरतो. गेमच्या रचनेवर यूट्यूब व्हिडिओ करणाऱ्या मार्क ब्राउन यांचा जीएमटीके जॅम 2017 पासून इच डॉट आयओवर होतो. तो आधी 48 तासांचा असे, 2024 पासून 96 तासांचा झाला, आणि त्यात हजारो गेम येतात. यातल्या बऱ्याच जॅममध्ये बक्षीस नसतं. भाग घेणारेच एकमेकांचे गेम खेळून गुण देतात.

आता तुझी ती एरर. तू गोडोची 4.0 ते 4.2 यांपैकी कुठली तरी आवृत्ती वापरत असणार. त्या आवृत्त्यांचे वेब गेम 'शेअर्ड ॲरे बफर' नावाच्या सोयीशिवाय सुरूच होत नाहीत, आणि इच डॉट आयओ ती सोय आपणहून देत नाही. गेमच्या पानाच्या सेटिंगमध्ये खाली त्या नावाचा एक चौकोन असतो, तिथे टिक करावी लागते. तुझा तो सगळा शनिवार-रविवार त्या एका टिकेपाशी अडला. 2024 मध्ये आलेल्या 4.3 पासून थ्रेड (एकाच वेळी अनेक कामं चालवायची सोय) न वापरता एक्स्पोर्ट करता येतं, म्हणजे गेमच्या वेबवर चालणाऱ्या फायली काढता येतात, मग ही भानगडच राहत नाही. पण नवी आवृत्ती जॅमच्या आदल्या रात्री टाकू नकोस. टाकायची तर या आठवड्यात टाक.

आणि आज-उद्यात एवढं कर. नवा प्रोजेक्ट उघड, मधोमध एक चौकोन ठेव, क्लिक केलं की तो जागा बदलेल एवढाच कोड लिही आणि तो तसाच वेबसाठी एक्स्पोर्ट करून चढव. यात काय काय अडतं ते तुला दिसेल. एक्स्पोर्ट टेम्प्लेटची वेगळी फाइल आधी उतरवून घ्यावी लागते. ती मोठी असते आणि फोनच्या हॉटस्पॉटवर घाम काढते. मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असावं लागतं. गोडो तिथे प्रोजेक्टचं नाव सुचवतो आणि नवशिके तेच ठेवतात. सगळ्या फायलींची एकच झिप करायची, आणि चढवल्यावर 'ही फाइल ब्राउझरमध्ये खेळायची आहे' या अर्थाच्या चौकोनात टिक करायची. चित्राच्या फाइलचं नाव कॅपिटल अक्षराने सुरू होत असेल आणि कोडमध्ये ते स्मॉल लिहिलं असेल, तर विंडोजला फरक पडत नाही, एक्स्पोर्ट केलेल्या गेमला पडतो. ब्राउझर पहिल्या क्लिकशिवाय आवाज सुरू होऊ देत नाही, आणि पानातल्या गेमवर क्लिक होईपर्यंत कीबोर्डची बटणंही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून सुरुवातीला एक मोठं 'खेळा' बटण ठेवलं की दोन्ही प्रश्न एका क्लिकमध्ये मिटतात.

हे बटण मराठीत लिहिलंस तर आणखी एक गंमत होईल. तुझ्या लॅपटॉपवर 'खेळा' व्यवस्थित दिसेल, कारण गोडो विंडोजमधला देवनागरी फॉन्ट उसना घेतो. वेबवर तशी उसनवारी चालत नाही, त्यामुळे तिथे अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसतात. नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत फॉन्ट प्रोजेक्टमध्येच टाकून द्यायचा.

हा चौकोनवाला गेम नीट चालला की तो प्रोजेक्ट जपून ठेव. जॅम सुरू झाला की त्याच सेटिंगचा नवा प्रोजेक्ट काढ आणि पहिल्या सत्रातच चढव. जॅमच्या पानावर जाऊन सबमिटही करून टाक. (गेमचं पान करणं आणि ते जॅममध्ये सबमिट करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं करून दुसरं विसरणारे दर जॅममध्ये निघतात.) इच डॉट आयओवर सबमिट केल्यावरही मुदत संपेपर्यंत फाइल बदलता येते. म्हणजे पहिल्याच दिवशी तुझ्या नावावर एक नोंद असेल, आणि पुढचे सगळे तास तू ती सुधारत असशील. रविवारी रात्री वीज गेली तरी दुपारची आवृत्ती तिथे असेलच.

'नीट तयार झाल्यावरच उतरू' यामागे जॅममधून निघालेल्या मोठ्या गेम्सच्या गोष्टी असाव्यात, असा मला संशय आहे. तुझ्या पत्रात सेलेस्टे आणि इन्स्क्रिप्शन ही नावं आलीच आहेत. सेलेस्टेचं मूळ रूप 2015 मध्ये दोघांनी पिको-8 या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर चार दिवसांत केलं हे खरं. इन्स्क्रिप्शनचं बी डिसेंबर 2018 च्या लुडम डेअरमधल्या 48 तासांत पडलं हेही खरं. पण सेलेस्टे करणारे दोघं तोवर अनेक गेम करून बसले होते, आणि इन्स्क्रिप्शनच्या डॅनियल मलिन्स यांचा पोनी आयलंड हा गेम 2016 मध्येच बाजारात आला होता. त्यांचा तो पहिला जॅम नव्हता, आणि 'आता आपण तयार आहोत' असं वाटल्यावर केलेला तर मुळीच नव्हता. तयार होण्याचं काम त्यांनी अशाच लहान, विसरल्या गेलेल्या गेममधून केलं. ते गेम आपल्याला माहीत नसतात, म्हणून गोष्ट चमत्कारासारखी वाटते.

आता पहिल्या वेळचं. थीम आली आणि काही सुचलं नाही. खरंच काहीच सुचलं नव्हतं, की जे सुचलं ते फारच साधं वाटलं? बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की पहिल्या कल्पना फेकून द्या, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. अनुभवी लोकांसाठी तो ठीक आहे. 2022 च्या जीएमटीके जॅमची थीम फाशांची होती आणि फासे टाकायचे गेम ढिगाने आले, यात नवल नाही. पण पहिला गेम पूर्ण करणाऱ्याने नावीन्याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुचलेली पहिली कल्पना घे. फक्त ती तासाभरात पडद्यावर हलताना दिसली पाहिजे. तासाभरात चौकोन आणि गोल वापरून तिची चव कळत नसेल, तर ती या जॅमपुरती मोठी आहे.

एक पडदा, खेळणाऱ्याने करायची एक गोष्ट, हरण्याचा एक मार्ग, आणि हरल्यावर लगेच पुन्हा सुरू. एवढ्यात गेम होतो. क्लिकवर चालणारा केलास तर तो फोनवरही बोटाने खेळता येईल, आणि पुढे सांगते त्यासाठी ते उपयोगी पडेल.

तासांचा हिशेब तू 48 धरला आहेस. ब्रिटनमधल्या संध्याकाळी सहाला सुरू होणारा जॅम त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी रात्री साडेदहाला लागतो आणि रविवारी रात्री साडेदहाला संपतो. (इच डॉट आयओच्या पानावर वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे दिसते, तरी एकदा खात्री करून घे.) यातून दोन रात्रींची झोप काढ, साखरपुडा आणि जाण्यायेण्याचे आठ तास काढ, जेवणं-आंघोळी काढ. वीसेक तास उरतात. त्यातल्या निम्म्यांत होईल एवढाच गेम ठरव, कारण उरलेले निम्मे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, खातात. झोप मात्र कापू नकोस. रात्री तीन वाजता ज्या चुकीपाशी दोन तास जातात, ती सकाळी चहा घेताना दिसते.

शुक्रवारी थीम वाच, कागदावर दोन-तीन चित्रं काढ, रिकामा प्रोजेक्ट सबमिट कर आणि झोप. शनिवारी सकाळी मुख्य हालचाल कर. मग साखरपुड्याला जा, लॅपटॉप घरी ठेवून. तिथे पोरंसोरं असतीलच. फोनवर गेम उघडून एखाद्याच्या हातात दे आणि तोंडातून शब्द काढू नकोस. हे फार अवघड असतं. पोरगं बटण सोडून गेमच्या नावावरच टिचकी मारत बसेल, तू जिथे 'हे तर कुणालाही कळेल' म्हणालीस तिथेच अडेल, आणि पहिल्या पाच सेकंदांत हरून फोन परत देईल. तू तोच गेम शेकडो वेळा खेळलेली असतेस, त्यामुळे तुला सोपा वाटतो. बाकीच्यांना तो जवळजवळ अशक्य असतो. घरी येऊन शत्रूंचा वेग निम्मा कर, तेवढ्याने बहुतेकदा भागतं. रविवारी दुपारनंतर नवीन काही घालायचं नाही. आवाज, पानावरचं वर्णन, दोन-तीन स्क्रीनशॉट, आणि निदान दोन वेगळ्या ब्राउझरांत तपासणी. संध्याकाळ एवढ्यातच जाते.

नऊ दिवस चालणारा गोडो वाइल्ड जॅम किंवा आठवड्याचा ब्रॅकीज जॅम नोकरी करणाऱ्यांना सोयीचा वाटतो, आणि पुढे तो जरूर कर. पहिल्या खेपेला मात्र नऊ दिवस हातात आले की गेमही नऊपट फुगतो. उलट तीन तासांचा ट्रायजॅम आहे. मोठ्या जॅमच्या आधी एखाद्या रविवारी रंगीत तालीम म्हणून तो करून बघायला हरकत नाही.

टीमचं. टीम वाईट नसते. चांगली टीम मिळाली तर एकट्याने वर्षभरात शिकता येत नाही ते दोन दिवसांत कळतं. पण तू वर्णन केलेल्या या चौघांत प्रोग्रामर तू एकटी आहेस. चित्रं काढणारा शनिवारी रात्री आपलं काम संपवून झोपेल, संगीतवाला दोन तुकडे पाठवून मोकळा होईल, कथा लिहिणारा आणखी संवाद पाठवत राहील, आणि हे सगळं एकत्र जोडणारी रविवारी रात्री तू एकटीच जागी असशील. तीन गावं, दुकानं आणि संवाद म्हणजे प्रत्येक दारामागे कोड आहे. त्यात तू शनिवारचा मोठा भाग नसणार.

त्यांना दोन प्रश्न विचार: खेळणारा मिनिटामिनिटाला नेमकं काय करतो, आणि आपली पहिली खेळता येईल अशी आवृत्ती कधी चढवायची? पहिल्याला एका वाक्यात उत्तर आलं आणि दुसऱ्याला 'शनिवारी' असं आलं, तर विचार करण्यासारखं आहे. उत्तरात गावांची नावंच आली तर या वेळी नको. मला विचारशील तर हा जॅम एकटीने कर आणि त्यांना तसं आजच कळव, म्हणजे तीन आठवड्यांत त्यांना दुसरं कुणी मिळेल. एक गेम तुझ्या नावावर लागल्यानंतर टीममध्ये गेलीस, तर 'दोन गावं कापा' म्हणताना तुझ्या शब्दाला वजन असेल.

चित्रांची काळजी अवाजवी आहे. दोन-तीन रंग ठरव आणि चौकोन-गोलांतच सगळा गेम कर. एकसारखे दिसणारे चौकोन हे पाच ठिकाणांहून गोळा केलेल्या चित्रांपेक्षा कधीही बरे दिसतात. तयार चित्रं हवीच असतील तर केनी या गेमसाठी चित्रं देणाऱ्या संकेतस्थळावर मोफत, सीसी झिरो (कुणीही कशीही वापरावीत अशा) परवान्याची हजारो आहेत. मात्र जॅमचे नियम वाच. काहींना आधी केलेलं साहित्य चालतं, काहींना चालत नाही, आणि एआयने बनवलेल्या चित्रांबद्दल तर प्रत्येकाचं वेगळं आहे. आवाजासाठी जेएसएफएक्सआर हे ब्राउझरमधलं साधन उघड आणि बटणं दाबत बस, पाच मिनिटांत टिंग-टाँग मिळेल. तोंडाने 'टप्प' करून फोनवर रेकॉर्ड केलेला आवाजही चालतो, आणि खेळणाऱ्यांना तो आवडतो असं दिसतं.

मुदत संपली की बरेच जण पान बंद करतात. इथे इच डॉट आयओचं गणित माहीत असलेलं बरं. तुझ्या गेमला जॅममधल्या मध्यकापेक्षा (सगळे गेम मतांप्रमाणे ओळीने लावले तर मधल्याला पडलेल्या मतांपेक्षा) कमी मतं पडली, तर सरासरी गुण खाली ओढले जातात. समजा मध्यक सोळा मतांचा आहे आणि तुला चारच पडली, तर चारला सोळाने भागून वर्गमूळ काढलं की निम्मे; म्हणजे पाचपैकी चार गुणांचे दोनच उरतात. गेम तोच, फक्त खेळणारे कमी. मतं मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे दुसऱ्यांचे गेम खेळणं. रोज चार-पाच खेळ आणि खाली दोन ओळी लिही. त्यातले बरेच जण परत येऊन तुझा खेळतात. ज्या गेमखाली एकही प्रतिक्रिया नाही असे आधी घे.

त्यासाठी इंग्रजी बेताचं असलं तरी पुरतं. 'उडी छान वाटली, दुसऱ्या टप्प्यावर काय करायचं ते कळलं नाही' एवढं मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं, अस्खलित 'नाइस गेम'पेक्षा समोरच्याला कितीतरी उपयोगाचं असतं. जगभरातले निम्मे लोक तिथे तसंच इंग्रजी लिहितात. तुझ्या पानावर तीन ओळी पुरेत: काय करायचं, कुठलं बटण, कशाने हरतो. त्या तीन ओळी रविवारच्या घाईत सुचत नाहीत, म्हणून गेम ठरला की शुक्रवारी रात्रीच लिहून ठेव.

भावाचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पैसे मिळत नाहीत, नोकरीही मिळत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. मिळते ती एक लिंक, आणि तिच्याखाली अनोळखी माणसांनी लिहिलेल्या काही प्रतिक्रिया. पटवत बसण्यापेक्षा त्याला लिंक पाठव आणि कितव्या सेकंदाला हरला ते विचार. निकालात तुझा क्रमांक बहुधा मधे कुठेतरी असेल. तो बघ, पण त्याच्या आधी प्रतिक्रिया वाच, आणि एकाच जागी तीन जण अडले असतील तर मतदान संपल्यावर तेवढं दुरुस्त करून नवी आवृत्ती चढव. मतदान चालू असताना बहुतेक जॅममध्ये फाइल बदलू देत नाहीत.